एका आकड्याची रुजवात : गर्भवतीचा रक्तदाब आणि रायगडचा किनारा

अलिबागहून रेवस बंदराकडे निघालेल्या रस्त्याने, नारळी-पोफळीच्या वाड्या मागे टाकीत भातखाचरांच्या कडेने पुढे गेले म्हणजे, झिराड नावाचे गाव लागते. ह्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवून राहिलेल्या बेने इस्राएल समाजातील घराण्यांनी येथील गावांवरूनच आपली आडनावे घेतली. त्यांपैकी झिराड हे आडनाव ज्यांच्यामुळे भारतीय वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले, त्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी संपादन करून पुढे १९२८ पासून १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळला. त्यांच्या अनेक कामांपैकी एकाचे स्मरण प्रस्तुत विषयाच्या आरंभीच करणे अगत्याचे आहे. मुंबई शहरात बाळंतपणाच्या पायी स्त्रिया कोणत्या कारणांनी मरतात, ह्या प्रश्नाची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे म्हणून ज्या मृत्यूंपुढे समाज हात जोडून उभा राहत असे, त्यांतील प्रत्येकाला कारण असते, ते शोधून लिहून ठेवता येते, आणि लिहून ठेवलेले कारण पुढच्या स्त्रीच्या बाबतीत टाळता येते, ही दृष्टी त्या चौकशीच्या मुळाशी होती.

त्या काळचे मान आज कल्पनेतही आणवत नाही. १९४६ सालच्या भोर समितीने हिंदुस्थानात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता, म्हणजे दरसाल सुमारे २ लक्ष स्त्रिया, प्रसूतीशी निगडित कारणांनी मृत्यू पावतात असा अंदाज केला होता. नमुना नोंदणी पाहणीच्या आकड्यांप्रमाणे २००१–०३ ह्या काळात दर लक्ष जिवंत जन्मांमागे देशात ३०१ आणि महाराष्ट्रात १४९ माता मृत्यू पावत होत्या. २०१८–२० मध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ९७ आणि ३३ इतके खाली आले. ही प्रगती थोर आहे, आणि ती घडवून आणणाऱ्या हजारो परिचारिका, दाया, आशा कार्यकर्त्या आणि वैद्य यांचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्याच काळात केरळाचे प्रमाण १९ होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे, उरलेल्या मृत्यूंपैकी पुष्कळसे अद्याप टाळता येण्याजोगे आहेत, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरतो.

ह्या टाळता येण्याजोग्या मृत्यूंत एक प्रकार असा आहे की, तो येण्यापूर्वी बहुधा कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, स्त्रीच्या दंडावर कान ठेवणाराला आपली चाहूल देत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे २ लक्ष ८७ हजार माता मृत्यू पावल्या, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणानुसार अशा मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे सातांतील एक, गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाच्या विकारांमुळे होतो. रक्तस्राव हे याहून मोठे कारण आहे खरे; पण रक्तस्राव पुष्कळदा घटकेत ओढवतो आणि घटकेतच इलाज मागतो, तर रक्तदाब हा बहुधा सावकाश चढतो, आणि त्याच्या चढणीची नोंद ठेवणारा कोणी असेल तर मृत्यूला वाटेतच गाठता येते. प्रस्तुत लेखाचा विषय ती नोंद, तिची रीत, तिच्या आधारावर करावयाचे उपाय, आणि रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या खाड्याखाड्यांनी तुटलेल्या किनाऱ्यावर ती नोंद कोठे कोठे खंडित होते, हा आहे.

विकाराचे स्वरूप

गर्भधारणेच्या पूर्वार्धात गर्भाशयाच्या भित्तीतील सर्पिल धमन्या रुंदावून वारेला भरपूर रक्त पुरवू लागतात, हा निसर्गक्रम आहे. काही स्त्रियांत ह्या धमन्या पुरेशा रुंदावत नाहीत; मग रक्ताच्या तुटवड्यात सापडलेली वार मातेच्या रक्तात अशी द्रव्ये सोडते की, त्यांच्या योगाने सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर दुखावते. वाहिन्या आकुंचन पावून दाब वाढतो, मूत्रपिंडांतून प्रथिने झिरपू लागतात, यकृत सुजते, रक्तातील बिंबिका घटतात, आणि मेंदूवरील ताण एका मर्यादेपलीकडे गेला म्हणजे आकडी येते. आकडी येण्यापूर्वीच्या अवस्थेला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि आकडी आल्यावर एक्लॅम्प्सिया. जुन्या मराठी आरोग्यपुस्तकांतून ‘गर्भिणीची विषबाधा’ असा शब्द ज्यासाठी येई, ती हीच व्याधी. जगभरच्या गणनेप्रमाणे शंभर गर्भवतींपैकी २ ते ८ जणींना ती होते. पहिलटकरणीला, जुळी असलेलीला, मागच्या खेपेस हाच त्रास झालेलीला, आणि पूर्वीपासून रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असलेलीला तिचा धोका अधिक. मूळ कारण वारेत असल्यामुळे वार शरीराबाहेर पडणे, म्हणजेच प्रसूती, हाच ह्या विकाराचा अखेरचा इलाज. त्यापूर्वीचे सारे उपाय माता सुरक्षित ठेवून योग्य मुहूर्ताची वाट पाहण्यासाठी आहेत.

ह्या विकाराचे सर्वांत कपटी लक्षण असे की, त्याला पुष्कळ दिवस लक्षणच नसते. कपाळ ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे वा अंधारी येणे, पोटाच्या वरच्या भागात कळ उठणे, लघवी कमी होणे, तोंडावर आणि हातांवर अकस्मात सूज चढणे, ही चिन्हे दिसू लागली की घटका भरत आली असे समजावे. पण कित्येकींच्या बाबतीत यांतले एकही चिन्ह न दिसता थेट आकडीच येते. आणि पायांवरची सूज तर निरोगी गर्भवतीलाही येते, म्हणून केवळ सुजेवर विसंबणे दोन्ही अंगांनी घातक आहे. आकडीला बाहेरची बाधा समजून देवऋष्याकडे धाव घेण्यात जो वेळ गेला, त्याने किती घरे उजाड केली याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. मात्र त्या घरांतील माणसांना दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की, काल संध्याकाळपर्यंत घरकाम करणारी धडधाकट सून आज पहाटे दात आवळून तडफडू लागली, तर ज्याला रक्तदाब म्हणजे काय हे कोणी कधी सांगितलेच नाही, त्याला बाधेखेरीज दुसरे काय सुचावे?

मापनाची विद्या

विज्ञानाला ही चाहूल ऐकू येऊ लागली, त्याला फार काळ लोटलेला नाही. लंडनच्या गाइज रुग्णालयात जॉन लिव्हर याने १८४३ साली आकडी आलेल्या गर्भवतींच्या मूत्रात अल्ब्युमिन असल्याचे दाखविले. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची याने दंडाभोवती फुगणारा पट्टा आणि पाऱ्याचा स्तंभ यांची जोडणी केली. १८९७ मध्ये पॅरिसच्या व्हाके आणि नोबेकूर यांनी आकडीच्या रुग्णांत रक्तदाब चढलेला असतो हे नोंदले. आणि १९०५ साली रशियन शल्यविशारद कोरोत्कोव्ह याने पट्ट्याखालच्या धमनीवर श्रवणनलिका ठेवून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब कसे वाचावेत ते शिकविले. मग १९२९ साली ब्रिटिश आरोग्य खात्याने गर्भवतीच्या तपासणीचे जे वेळापत्रक आखले, म्हणजे १६ व्या, २४ व्या आणि २८ व्या आठवड्यात, मग ३६ व्या आठवड्यापर्यंत पंधरवड्यास, आणि तेथून प्रसूतीपर्यंत दर आठवड्यास, ते पुढे अनेक देशांच्या प्रसूतिपूर्व सेवेचा पाया ठरले. ह्या वेळापत्रकातील शहाणपण असे की, जसजसा धोका वाढतो तसतसे भेटींमधले अंतर घटत जाते.

आपल्याकडे किमान चार तपासण्यांचा दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून किमान आठ भेटींची शिफारस केली. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानान्वये दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. ह्या तिन्ही गोष्टींचा आशय एकच आहे, आणि तो असा की, रक्तदाबाचा एकटा आकडा मुका असतो. मागच्या आकड्याशी त्याची रुजवात घातली म्हणजेच तो बोलू लागतो. वीस आठवड्यांनंतर वरचा दाब १४० वा खालचा ९० किंवा त्याहून अधिक भरला आणि फेरतपासणीतही तसाच राहिला, तर तो विकार. १६०/११० वर गेला तर तातडीचा प्रसंग, हे परिमाण सर्वमान्य आहे. परंतु निरोगी गर्भवतीचा दाब मधल्या महिन्यांत किंचित उतरतो आणि अखेरीस पूर्वपदावर येतो. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतील नोंद हाती नसेल तर पुढची वाढ किती, हे ठरविणार कशाच्या आधारावर? जिचा दाब दुसऱ्या महिन्यात ९०/६० होता तिचा तो आठव्या महिन्यात १३०/८४ झाला, तर परिमाणाच्या दृष्टीने ती अजून विकारग्रस्त नाही. पण तिची पुढची भेट महिन्यावर न टाकता आठवड्यावर आणणे, एवढी सावधगिरी तो आकडा खचित मागतो.

मापनाची रीत वरवर सोपी, पण हयगय क्षमा न करणारी आहे. स्त्रीने पाच मिनिटे शांत बसलेले असावे. पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीत आणि बोलणे बंद असावे. उपकेंद्राची चढण चढून, काखेत पोर आणि डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला बाकावर टेकताक्षणीच पट्टा बांधला तर आकडा खोटा चढतो. उलट कुशीवर निजवून वरच्या दंडावर मापले तर तो खोटा उतरतो. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. जाड दंडावर अरुंद पट्टा दाब फुगवून दाखवितो, आणि कातकरी वाडीतील कृश स्त्रीच्या दंडावर रुंद पट्टा गुंडाळला तर खरा धोका झाकला जाण्याचा संभव असतो. सर्वांत मोठा शत्रू मात्र यंत्रात नाही, तो लेखणीत आहे. घाईने वा कंटाळ्याने पानापानावर १२०/८० असे लिहिले गेले तर ते दप्तर सुबक दिसते, पण ज्या बाईचा खरा १३८ त्यात बुडाला तिच्या दृष्टीने ते दप्तर कोरेच आहे. दाबाबरोबर लघवीतील प्रथिनांची कागदी पट्टीने परीक्षा करावी हेही तितकेच आवश्यक. तथापि प्रथिने नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण त्यांच्यावाचूनही हा विकार बळावू शकतो, हे आता सर्वत्र मान्य झाले आहे.

औषधांचा हिशेब

निदान झाल्यावर करावयाचे काय, ह्याबाबत गेल्या तीस वर्षांत शास्त्राने निःसंदिग्ध उत्तरे दिली आहेत, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा अभिमान वाटावा असा आहे. पूर्वी मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी प्रचारात आणलेल्या गुंगीच्या मिश्र औषधांवर आपल्याकडे आकडीचा उपचार चाले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत १,६८७ स्त्रियांवर तुलना होऊन मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त, साधे लवण आकडीची पुनरावृत्ती डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी करते, हे सिद्ध झाले. २००२ साली ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ परीक्षेने हेच औषध आकडी येण्यापूर्वी दिल्यास तिचा संभव निम्म्याहून अधिक घटतो, हे दाखविले. भारतीय स्त्रीच्या कमी वजनाला परदेशी मात्रा जड पडते असे मानून सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली. आणि वरच्या दवाखान्यात पाठविण्यापूर्वी उपकेंद्रातील परिचारिकेनेच दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम मिळून १० ग्रॅमची पहिली मात्रा टोचावी, अशी तजवीज सरकारी मार्गदर्शनात आहे. ही तजवीज किनाऱ्यासाठी जणू मुद्दाम केली असावी इतकी मोलाची आहे, कारण येथे रुग्णालय आणि रुग्ण यांच्यामध्ये पुष्कळदा पाणी असते.

दाब उतरविण्याच्या गोळ्यांचा प्रश्न नागपुरात सुटला, असे म्हणण्यास हरकत नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय ह्या दोन सरकारी संस्थांत २०१५ ते २०१७ ह्या काळात तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भवतींवर निफेडिपिन, लॅबेटलॉल आणि मिथाइलडोपा ह्या तोंडाने घ्यावयाच्या तीन गोळ्यांची तुलना झाली. सहा तासांत, अनिष्ट परिणाम न होता, दाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४, लॅबेटलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के भरले. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शिरेतून औषध देण्याची सोय नसलेल्या लहान दवाखान्यातही तीव्र दाबावर पहिला इलाज करणे शक्य आहे, आणि तीनपैकी जी गोळी कपाटात असेल तिने आरंभ करता येतो. डॉक्टर नाही, यंत्र नाही, सबब पुढे पाठविले, ही कैफियत आता अपुरी ठरते.

प्रतिबंधाच्या बाबतीत, ज्यांचा धोका अधिक आहे अशा स्त्रियांस बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्यापूर्वी, अल्प मात्रेत ॲस्पिरिन देणे हितकर ठरते. आहारात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण जेथे कमी असते तेथे त्याच्या गोळ्यांनी धोका घटतो. भारत सरकारच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोन वेळा ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम द्यावयाचे असते. आणि बंगळूर व टांझानिया येथे झालेल्या मोठ्या तुलनेने २०२४ च्या आरंभी दाखविले की, दिवसाला ५०० मिलिग्रॅमची लहान मात्राही १,५०० च्या मोठ्या मात्रेपेक्षा उणी पडत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनात येथे एक प्रश्न हटकून येतो. जेथे बोंबील, जवळा आणि सोडे उन्हात वाळविणे हा बारमाही संसाराचा भाग आहे आणि मासळीला मीठ चोळणे हा हातचा मळ, तेथे मीठ तोडले म्हणजे हा विकार टळेल काय? शास्त्राचे उत्तर नकारार्थी आहे. गरोदरपणात मीठ कमी करण्याने प्री-एक्लॅम्प्सिया टळतो असे दिसून आलेले नाही, आणि जागतिक आरोग्य संघटना त्या हेतूने मीठ तोडण्याची शिफारस करीत नाही. पथ्याच्या नावाखाली कोळणीच्या ताटातली मासळी काढून घेतल्याने तिची प्रथिने मात्र जातात. तिला अळणी जेवणापेक्षा वेळच्या वेळी दाब मोजण्याची गरज अधिक आहे.

बेळगावचा धडा

मग उपकरण आणि औषध घरोघर पोहोचविले म्हणजे काम झाले काय? हा प्रश्न आपल्या सीमेलगतच, बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, प्रत्यक्ष पारखला गेला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने २०१४ पासून झालेल्या ‘क्लिप’ परीक्षेत आशा आणि परिचारिका यांच्या हाती दाब मोजण्याचे यंत्र व धोका वर्तविणारे मोबाइलवरील साधन देऊन, प्रसंगी घरीच मिथाइलडोपाची गोळी आणि मॅग्नेशियमची सुई देण्याची मुभा ठेवण्यात आली होती. हाच प्रयोग पाकिस्तानातील सिंध आणि मोझांबिक येथेही झाला. २०२० साली तिन्ही देशांचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा माता व बालकांच्या एकंदर मृत्यू आणि गंभीर आजारांत अपेक्षित घट आढळली नाही. गोकाक परिसरासह आफ्रिका व हैतीत झालेल्या ‘क्रॅडल’ परीक्षेतही, हिरवा-पिवळा-लाल दिवा दाखविणारे आणि मोबाइलच्या चार्जरवर चालणारे अत्यंत सोयीचे यंत्र देऊनही, एकंदर घटीचे श्रेय त्या यंत्राला देता आले नाही.

ह्या निष्कर्षांनी निराश होणाराने त्यांतील एक तपशील पाहावा. क्लिपमध्ये ज्या स्त्रियांच्या आठ वा अधिक भेटी झाल्या, त्यांच्यात अनिष्ट परिणाम कमी दिसले. अधिक भेटी मिळालेल्या स्त्रिया अन्य कारणांनीही सुस्थितीत असू शकतील, म्हणून ह्या निरीक्षणाला पुरावा म्हणता येत नाही. परंतु १९२९ च्या वेळापत्रकापासून आजवरचा सारा अनुभव त्याच दिशेला बोट दाखवितो. यंत्राने इशारा दिला, पण इशाऱ्यानंतरची गाडी आली नाही, गाडी आली पण पुढच्या रुग्णालयात जागा नव्हती, जागा मिळाली पण मागची नोंद सोबत नव्हती, तर त्या लाल दिव्याचा उपयोग काय? साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच मजबूत असते. तेव्हा आढावा घ्यावयाचा तो कड्यांचाच घेतला पाहिजे.

किनाऱ्यावरच्या तुटक कड्या

पहिली कडी भूगोलाची. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट ह्या खाड्यांनी रायगडच्या किनाऱ्याची हातातल्या बोटांसारखी फाकणी केली आहे. आगरदांड्याहून समोर दिसणारे दिघी जंगलबोटीने, म्हणजे फेरीबोटीने, थोड्या मिनिटांवर आहे. पण बोटीची वेळ टळली की, तेच अंतर खाडीला वळसा घालून तासांचे होते. श्रीवर्धनच्या टोकाकडील गावातून अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावयाचे तर शंभर किलोमीटरहून अधिक वळणावळणाचा मार्ग कापावा लागतो, आणि म्हणून श्रीवर्धन, माणगाव, रोहा व पेण येथील उपजिल्हा रुग्णालये हीच ह्या पट्ट्याची खरी आशास्थाने होत. मांडव्याहून मुंबई समुद्रमार्गे तासाभरावर; पण पावसाळ्यात प्रवासी लाँचा बंद होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून वाहने नेणारी मोठी बोट सुरू झाली, २०२१–२२ मध्ये अलिबागेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला. उत्तरेकडचा उरण-अलिबाग भाग त्यामुळे जवळ आला, पण म्हसळे-श्रीवर्धनची दुर्गमता त्या मानाने हटली नाही. उरण तालुक्यातील घारापुरी बेटावरच्या तीन वस्त्यांना तर २०१८ साली समुद्रतळातील तारेने वीज मिळाली. तेथील गर्भवतीला आजही रुग्णालयासाठी पाणी ओलांडावे लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड तालुक्यांतील गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा वेळी हातपंपाचे साधे यंत्र आणि ते ऐकता येणारा कान यांचे मोल कळते.

दुसरी कडी स्थलांतराची. कातकरी ही केंद्र शासनाने विशेष दुर्बल म्हणून गणलेली आदिम जमात. तिची पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. पावसाळ्यात वाडीवर नाव नोंदविलेली गर्भवती हिवाळ्यात भट्टीवर असते, आणि तिचे कार्ड बहुधा वाडीवरच्या कुडाला खोचलेले असते. भट्टी ज्या उपकेंद्राच्या हद्दीत येते त्याच्या यादीत ती नसते, आणि ज्याच्या यादीत असते त्याला ती सापडत नाही.

तिसरी कडी मला सर्वांत अधिक चिंतनीय वाटते, कारण ती प्रेमाने तोडली जाते. आपल्या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, आणि पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी येते. रीत सुंदर आहे. थकल्या जिवाला आईच्या घरचा विसावा ती देते. पण ह्या विकाराचा धोका पहिलटकरणीला अधिक, आणि तोही ह्याच महिन्यांत वाढणारा! ज्या आठवड्यांत तपासण्या पंधरवड्यावर व मग आठवड्यावर याव्यात, नेमक्या त्याच आठवड्यांत तिचे गाव बदलते, आशाताई बदलते, परिचारिका बदलते, आणि सासरच्या नोंदवहीत ‘माहेरी गेली’ एवढ्या दोन शब्दांवर तिचा हिशेब बंद होतो. माहेरच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा जाईल तेव्हा तिचा १३६/८६ हा दाब तेथील परिचारिकेला साधाच वाटेल, कारण तो चौथ्या महिन्यात १००/६४ होता हे तिला सांगणारे कोणी नसेल.

चौथी कडी प्रसूतीनंतरची. मूल जन्मले, वार पडली, संकट टळले, असा समज सर्वत्र आहे; वस्तुतः बाळंतिणीचा दाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसांच्या सुमारास सर्वांत उंच जाण्याचा संभव असतो, आकडी प्रसूतीनंतरही येऊ शकते, आणि दक्षता सहा आठवडे घ्यावी लागते. रुग्णालयातून बाळंतीण साधारण तिसऱ्या दिवशी घरी येते, आणि मग सव्वा महिना दाराआड राहते. ज्या दिवसांत दाब चढावयाचा, त्याच दिवसांत तिच्या दंडाला पट्टा बांधणारे कोणी तिच्याजवळ नसते.

करावयाचे ते

ह्या कड्या सांधण्यासाठी नवी योजना जाहीर करण्याची निकड नाही. चालू तरतुदींची अंमलबजावणी धाग्याला धागा जोडून झाली तरी पुष्कळ साधेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून मोफत प्रसूतीची आणि वाहनाची हमी देतो, १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावते, आणि प्रत्येक मातामृत्यूची चौकशी करण्याची पद्धत देशात आखलेली आहे. हवे ते असे की, माता व बाल संरक्षण कार्डावर डोहाळजेवणापूर्वीच माहेरचे गाव आणि तेथील उपकेंद्र लिहिले जावे, आणि सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला दूरध्वनी करून मागचे सर्व आकडे सांगितल्यावाचून सासरचा हिशेब बंद समजू नये. दिवाळीपूर्वी वाडीवाडीतील गर्भवतींची यादी भट्टीच्या गावांकडे धाडली जावी. पावसाच्या आधी, बोटी बंद होण्यापूर्वी, खाडीपलीकडील आणि बेटांवरील ज्यांचे दिवस जून ते सप्टेंबरात भरत आहेत त्यांची नावे मुक्रर करून, अखेरच्या आठवड्यांत त्यांची सोय रुग्णालयाजवळ व्हावी. प्रत्येक उपकेंद्रात मॅग्नेशियम सल्फेटच्या कुप्या व निफेडिपिनच्या गोळ्या आहेत, मुदतीतल्या आहेत, आणि त्या देण्याचा अधिकार व धीर तेथील परिचारिकेला आहे, याची दरमहा खातरजमा व्हावी.

आणि शेवटी, पाचवी. रायगडच्या किनाऱ्यावर काय किंवा घाटावर काय, मुलाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या भाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही श्रद्धा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा होते, दिवा विझू देत नाहीत, घरातल्या बाया जागतात. ह्या जागरणाचे मूळ काय, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण बाळंतिणीच्या धमन्यांतील दाब ज्या दिवसांत सर्वाधिक चढू शकतो, त्याच दिवसांत आमच्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांत तेल घालून जागरण करण्याची रीत ठेवली, ह्या योगाचा लाभ घेण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. पाचवीच्या दिवशी आशाताईला किंवा परिचारिकेला सन्मानाने घरी बोलवावे, बाळंतिणीला पाठ टेकून बसवावे, तिचा दाब मोजावा, आणि तो आकडा कार्डावरील पहिल्या महिन्यापासूनच्या आकड्यांच्या खाली लिहून त्यांच्याशी त्याची रुजवात घालावी. बाळाच्या भाळावरचे लिखित वाचता येत नाही असे म्हणतात. आईच्या कार्डावरचे वाचता येते, आणि ते वेळेवर वाचले तर बदलताही येते.